कर्करोग: रुग्ण वाढले, ‘पाच वर्षे जगण्याचं’ प्रमाण वाढलं, मग मृत्यूंचं काय?

निशिगंध

दर वर्षी कुठल्या ना कुठल्या देशाचा कर्करोग अहवाल येतो आणि दोन तऱ्हेचे मथळे फिरू लागतात. ‘कर्करोगाचे रुग्ण झपाट्याने वाढले’ किंवा ‘आता दहापैकी सात रुग्ण पाच वर्षांहून जास्त जगतात’. पहिला वाचून माणसं धास्तावतात, दुसरा वाचून निर्धास्त होतात. दोन्ही मथळ्यांतला आकडा खरा असतो, तरी त्यातून काढलेला अर्थ बऱ्याचदा चुकतो. घरात कोणाचं निदान झालेलं असेल तर ही चूक महागात पडते, म्हणून हा धागा.

अहवालात मुळात तीन गोष्टी मोजलेल्या असतात: वर्षभरात नवे रुग्ण किती सापडले, निदानानंतर पाच वर्षांनी त्यातले किती हयात होते आणि वर्षभरात कर्करोगाने किती जण दगावले. जगाचा २०२२ चा अंदाज बघा: सुमारे २ कोटी नवे रुग्ण आणि ९७ लाख मृत्यू.

सगळ्यात जास्त घोळ मधल्या आकड्याचा होतो. समजा दोन माणसांचा फुप्फुसाचा आजार हुबेहूब सारखा आहे आणि दोघंही सत्तराव्या वर्षी त्यानेच जातात. पहिल्याला खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा, सदुसष्टाव्या वर्षी निदान झालं. दुसऱ्याचा डाग भलत्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये त्रेसष्टाव्या वर्षी दिसला. पहिल्याची नोंद ‘पाच वर्षे जगला नाही’ अशी होते, दुसऱ्याची ‘पाच वर्षे जगला’ अशी. आयुष्य दोघांचं तेवढंच. दुसऱ्याच्या वाट्याला ‘मला कॅन्सर आहे’ हे माहीत असण्याची चार वर्षं जास्त आली, इतकंच.

आता हेच देशाच्या पातळीवर कसं दिसतं ते पाहा. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हताच, पण थोडे जादा पैसे भरले की रुग्णालयं मानेची सोनोग्राफीही करून देत. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्याच काळात थायरॉइड कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंची रेषा मात्र सपाट राहिली. म्हणजे जे सापडत होतं त्यातलं बहुतेक कधीच जिवावर उठणारं नव्हतं. पण सापडल्यावर गप्प कोण बसतो? जवळजवळ सगळ्यांच्या ग्रंथी काढल्या किंवा कापल्या गेल्या, बहुतेकांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या, काहींचा आवाज कायमचा बसला. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांच्या एका गटाने जाहीरपणे हा प्रकार थांबवा म्हणून सांगितलं आणि वर्षभरात शस्त्रक्रिया साधारण एक तृतीयांशाने घटल्या.

माझं म्हणणं असं की देश कर्करोगाविरुद्ध जिंकतो आहे की नाही याचा कस मृत्युदरावर लागतो, तोही वयाचा हिशेब करून काढलेल्या मृत्युदरावर. बाकीचे दोन आकडे त्याच्या शेजारी ठेवूनच वाचावेत. इथे कोणी डॉक्टर किंवा नोंदणीत काम केलेले असतील तर जरूर लिहा.

कवडसा

चांगला विषय. पण सुरुवातीलाच कोरिया वाचून ‘तपासणी म्हणजे सगळी फसवणूक’ असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून उलट दिशेचं उदाहरण देतो.

अमेरिकेत कर्करोगाचा वयसमायोजित मृत्युदर १९९१ मध्ये शिखरावर होता. तिथून २०२२ पर्यंत तो सुमारे ३४ टक्क्यांनी उतरला. ही निदानाच्या तारखेची किमया नाही, कारण मृत्युदरात निदानाची तारीख येतच नाही. माणूस गेला की गेला. ही घट आली कुठून? सगळ्यात मोठा वाटा सिगारेट सुटण्याचा. धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवणारे ठळक अभ्यास १९५० चे, सर्जन जनरल म्हणजे अमेरिकन सरकारच्या आरोग्यप्रमुखांचा अहवाल १९६४ चा, आणि पुरुषांमधले फुप्फुस कर्करोगाचे मृत्यू उतरायला लागले १९९० नंतर! एका पिढीने सोडलेल्या सिगारेटचं फळ आकड्यात दिसायला पंचवीस-तीस वर्षं लागली. बाकी वाटा स्तन आणि मोठ्या आतड्याच्या तपासणीचा आणि सुधारलेल्या उपचारांचा.

त्यामुळे आज एखाद्या देशाचा मृत्युदर बघताना आपण काही अंशी तीस वर्षांपूर्वीचा तो देश बघत असतो. हे विसरलं की चालू आरोग्यमंत्र्यांना नको ते श्रेय आणि नको तो दोष दिला जातो.

अबोली_

मला आकड्यांतलं फार कळत नाही, पण एक विचारायचं आहे. आईला स्तनाचा कर्करोग आहे, दुसरी स्टेज, ऑपरेशन झालं, केमो सुरू आहे. कुणीतरी तिला नेटवर वाचून सांगितलं की पाच वर्षं जगण्याचं प्रमाण अमेरिकेत नव्वद टक्के आणि भारतात सहासष्ट. तेव्हापासून तिच्या डोक्यात सहासष्ट हाच आकडा बसला आहे. ‘म्हणजे तिघींतली एक जाते, आणि ती मी असेन’ असं म्हणते. निशिगंधताईंचं वाचल्यावर वाटतं की तो आकडाच चुकीचा आहे का?

वैद्यकीय_पळस

अबोली, आकडा चुकीचा नाही, तुमच्या आईचा नाही एवढंच. सविस्तर लिहितो.

हे सहासष्ट टक्के म्हणजे सगळ्या स्टेजच्या रुग्णांची एकत्र सरासरी. त्यात गाठ फुटून जखम झाल्यावर आलेल्या, हाडांत-यकृतात पसरल्यावर आलेल्या, चार केमो घेऊन पैसे संपले म्हणून परत न आलेल्या अशा सगळ्या बायका आहेत. दुसऱ्या स्टेजला निदान होऊन ऑपरेशन आणि केमो पूर्ण करणाऱ्या बाईचा अंदाज त्या सरासरीपेक्षा बराच चांगला असतो. किती चांगला ते गाठीचे रिसेप्टर (गाठीच्या पेशींवरचे संप्रेरकं वगैरे पकडणारे रेणू), लिम्फ नोड्स आणि वय यांवर ठरतं, आणि ते तिच्या ऑन्कॉलॉजिस्टनाच विचारा. पॅथॉलॉजी रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन रिसेप्टरच्या नोंदी असतील. तिच्यासाठी त्या तीन ओळी देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त बोलतात.

दुसरं, असा आकडा काढायचा तर निदानानंतर पाच वर्षं वाट पाहावी लागते. म्हणजे आज छापलेला आकडा जुन्या उपचारांचा असतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात २००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी आली आणि ज्या आजारात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची धडपड असायची त्यातली माणसं रोज एक गोळी घेऊन वर्षानुवर्षं कामावर जाऊ लागली. त्या वेळच्या छापील तक्त्यांत याचा मागमूसही नव्हता.

तिसरं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. निदानाच्या दिवशीचा अंदाज पुढे तसाच राहत नाही. पहिली दोन वर्षं सुखरूप गेली की त्या जागी उभं राहून पुढच्या पाच वर्षांचा अंदाज पुन्हा काढायचा असतो आणि बऱ्याच कर्करोगांत तो आधीपेक्षा वर गेलेला असतो. आईला हे जरूर सांगा.

आता निशिगंध यांच्याशी थोडा मतभेद. जगण्याच्या प्रमाणावर इतका अविश्वास दाखवू नका. लहान मुलांच्या कर्करोगाचं उदाहरण घ्या. श्रीमंत देशांत ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत तीस टक्क्यांहून कमी. मुलांची चाळणी तपासणी, म्हणजे लक्षणं नसताना सरसकट तपासणी, आपण करत नाही, त्यामुळे इथे ‘लवकर सापडलं म्हणून आकडा फुगला’ हे म्हणायला फारशी जागाच नाही. हा फरक निदान हुकण्याचा, औषध न मिळण्याचा आणि उपचार अर्धवट सुटण्याचा आहे. हा फरक मृत्युदरात जवळजवळ दिसत नाही, कारण एकूण मृत्यूंत मुलांचे मृत्यू थोडे. तो जगण्याच्या प्रमाणातच दिसतो. हा आकडा टाकून दिला तर या मुलांचं काय होतंय ते आपल्याला कळणारच नाही.

अबोली_

डॉक्टर, खूप आभार. रिपोर्ट काढून बघितला, तिन्ही नोंदी आहेत. पुढच्या भेटीत विचारते. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

गुलबक्षी

पळस, मुलांबद्दल तुमचं म्हणणं पटलं, पण एक अपवाद नोंदवून ठेवते, कारण तो फार बोलका आहे. जपानने १९८० च्या दशकाच्या मध्यात सगळ्या सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासायला सुरुवात केली. न्यूरोब्लास्टोमा हा अपरिपक्व चेतापेशींचा कर्करोग लघवीतल्या विशिष्ट द्रव्यांवरून पकडायचा, ही कल्पना. रुग्ण भराभर सापडू लागले, आणि सापडलेल्यांत जगण्याचं प्रमाण उत्तम होतं. नंतर कळलं की या वयातल्या अशा कित्येक गाठी आपोआप विरून जातात, आणि जे घातक प्रकार असतात ते बहुधा या तपासणीच्या वयानंतर डोकं वर काढतात. कॅनडातल्या क्विबेकमध्ये आणि जर्मनीत याचे मोठे अभ्यास झाले, २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले: मृत्यू कमी होत नाहीत. २००३ मध्ये जपानने तपासणी थांबवायचं ठरवलं.

विचार करा, ज्या बाळांच्या गाठी विरल्या असत्या त्यांची ऑपरेशनं झाली, काहींना केमो दिली गेली. आणि त्या प्रत्येक आईबापांना आयुष्यभर वाटत राहणार की तपासणीने आमचं मूल वाचलं. मला तर हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

नोंदवही

मी लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणीत, म्हणजे एका भागात राहणाऱ्या सगळ्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या नोंदणीत, काम केलं आहे. हे आकडे कुठून येतात त्याबद्दल लिहिते, कारण धाग्यावर सगळे आकड्यांबद्दल बोलताहेत आणि आकडा तयार होताना कोणी पाहिलेला नाही.

रुग्ण नोंदणीकडे येत नाही, आम्हीच त्याच्या मागे जातो. पॅथॉलॉजीची रजिस्टरं, रेडिएशन विभागाच्या याद्या, मेडिकल रेकॉर्डच्या खोलीतल्या फायली, मृत्युनोंदणीचं कार्यालय. एका बाईचं बायोप्सीच्या कागदावर माहेरचं नाव, ऑपरेशनच्या फाइलवर सासरचं, केमोच्या कार्डावर नुसतं घरातलं हाक मारायचं नाव. वय एकीकडे ५२, दुसरीकडे ५५. पत्ता ज्या नातेवाइकाकडे उपचारासाठी उतरली त्याचा. आता ही एक बाई की तीन बायका? तीन धरल्या तर रुग्णसंख्या फुगली. नातेवाइकाचा पत्ता खरा धरला तर ती शहराच्या खात्यात गेली आणि तिच्या गावाच्या तालुक्यात कर्करोग कमी दिसला. गाठ कुठल्या बाजूची, स्लाइड नंबर काय, फोन कोणाचा, हे जुळवत बसायचं. असं दिवसभर.

मग मृत्यूचे दाखले. दाखल्यावर कर्करोग लिहिलाय पण आमच्या यादीत नावच नाही, असं निघालं की उलट तपास: कुठे दाखल होते, कोणी बघितलं होतं. काहीच हाती लागलं नाही तर ‘केवळ दाखल्यावरून’ अशी नोंद होते. कुठल्याही नोंदणीत अशा नोंदी खूप असतील तर समजायचं की जिवंतपणी रुग्ण निसटताहेत.

आणि जगण्याचं प्रमाण काढताना सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे हरवलेले रुग्ण. फोन बंद, घर बदललं, पत्र परत. हरवलेला माणूस शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत म्हणून धरला जातो. प्रत्यक्षात त्यातले बरेच जण गेलेले असतात. म्हणून पाठपुरावा ढिला असला की जगण्याचं प्रमाण छान दिसतं! जी नोंदणी घरोघरी माणूस पाठवून चौकशी करते तिचा आकडा खाली येतो. दोन देशांचे किंवा दोन शहरांचे आकडे शेजारी ठेवायच्या आधी त्यांनी माणसं शोधली कशी ते विचारा.

‘वयसमायोजित’ शब्द वर आला आहे म्हणून त्याबद्दलही थोडं. कर्करोग बहुतांशी वय वाढल्यावर होतो. म्हातारी माणसं जास्त असलेल्या देशात रुग्ण जास्त असणारच. म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढतात आणि तो एका ठरावीक नमुना लोकसंख्येला लावतात. आजही वापरात असलेली जागतिक नमुना लोकसंख्या जपानच्या सेगी यांनी १९६० मध्ये मांडली आणि डॉल यांनी १९६६ मध्ये थोडी बदलली. मथळ्यात ‘इतके लाख रुग्ण’ असतं तेव्हा ही दुरुस्ती केलेली नसते. रुग्णालयात खाटा किती लागतील हे ठरवायला ते लाखच लागतात. आजाराचा जोर वाढला का हे ठरवायला लागतो समायोजित दर.

कवडसा

नोंदवही, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. इतक्या आतून हे कोणी लिहीत नाही.

आकडेमोड

धागाकर्तीच्या ‘मृत्युदर हाच कस’ या म्हणण्याला माझा आक्षेप आहे. जिथे मृत्यूचं कारण धडपणे लिहिलंच जात नाही तिथे हा कस लावायचा कशावर? भारतात २०२० मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू सुमारे २२.५ टक्के होते. उरलेल्यांत कर्करोगाचे किती हे कोण सांगणार? आणि प्रमाणित दाखल्यांवरही ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढंच लिहून मोकळे झालेले किती! भारताची राष्ट्रीय कर्करोग नोंदणी १९८१ पासून आहे, मुंबईची तर १९६३ पासून, म्हणजे परंपरा जुनी आहे. पण लोकसंख्येवर आधारित नोंदण्यांखाली येणारी लोकसंख्या देशाच्या थोड्याच भागाची. २०२२ साठी आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) अंदाज सुमारे १४.६ लाख नव्या रुग्णांचा, तर त्याच वर्षाचा आंतरराष्ट्रीय अंदाज सुमारे १४.१ लाखांचा. कोणी खोटं बोलत नाही. दोघंही थोड्या नोंदण्यांवरून सगळ्या देशाचं गणित मांडताहेत आणि दोघांची रीत वेगळी.

देशाच्या एका सरासरीने काय झाकलं जातं तेही सांगतो. २०१२ ते २०१६ या काळात पुरुषांमधलं कर्करोगाचं सर्वाधिक समायोजित प्रमाण मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात होतं, लाखामागे २६९. ग्रामीण बार्शीसारख्या नोंदणीत ते त्याच्या कितीतरी खाली. ‘भारतात कर्करोग वाढतोय का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही: गर्भाशयमुखाचा कर्करोग अनेक नोंदण्यांत उतरणीला आहे, स्तनाचा चढणीला, तंबाखूचे कर्करोग प्रदेशागणिक वेगळे.

निशिगंध

आकडेमोड, आक्षेप रास्त आहे. दाखले नीट असतील तिथेच मृत्युदराचा कस लागतो, हे मान्य. जिथे नाहीत तिथे मग काय बघायचं? माझ्या मते निदान कुठल्या स्टेजला होतं त्याचं प्रमाण. त्यातही एक बारकावा आहे. लवकरच्या स्टेजचे रुग्ण वाढले यात विशेष काही नाही, शोधले की सापडतात. लाखामागे उशिराच्या स्टेजचे रुग्ण कमी झाले का, ते बघायचं. तपासणी खरोखर कामाची असेल तर पुढे जाणारे आजार आधीच पकडले जाऊन ही संख्या उतरायला हवी.

दुसरा मार्ग म्हणजे सरळ चाचणी घेऊन बघणं. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अशी एक फार मोठी चाचणी उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये झाली. ५२ गावगटांतल्या १,३१,७४६ बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचा शोध), दुसऱ्याची पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, चौथ्याला नेहमीची सेवा. आठ वर्षांनी एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे होते. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या चाचणीने! २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरात एचपीव्ही चाचणीला महत्त्व येण्यात या बायकांचा मोठा हात आहे. हे फार कमी जणांना ठाऊक आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वैद्यकीय_पळस

त्याला जोडून डेन्मार्क. त्यांची राष्ट्रीय नोंदणी १९४० च्या दशकापासूनची, जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी. १९९० च्या दशकात शेजारच्या स्वीडन-नॉर्वेशी तुलना केली तर जगण्याच्या प्रमाणात डेन्मार्क मागे होता. त्यांनी तो आकडा झटकून टाकला नाही. २००० मध्ये राष्ट्रीय योजना आली, आणि २००८ च्या सुमारास संशय आल्यापासून निदान आणि उपचारापर्यंत प्रत्येक टप्प्याला दिवसांची मर्यादा घातली गेली. पुढच्या वर्षांत जगण्याचं प्रमाण सुधारलं आणि मृत्युदरही उतरला. दोन्ही रेषा सोबत हलल्या, म्हणून मी याला खरी सुधारणा म्हणतो.

पारवा

सगळा धागा वाचला. माझा प्रश्न वेगळा आहे. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढतोय असं हल्ली सारखं ऐकू येतं. हाही ‘जास्त शोधलं म्हणून जास्त सापडलं’ यातला प्रकार आहे का? माझं वय ४१ आहे, म्हणून विचारतोय.

कवडसा

नाही, ही वाढ खरी दिसते. अमेरिकेचे आकडे सगळ्यात तपशीलवार आहेत म्हणून तिथलेच देतो. या वयात सरसकट तपासणी होतच नव्हती, तरी १९९० च्या दशकापासून रुग्ण वाढत होते. वाढ उशिराच्या स्टेजमध्येही आहे आणि या वयातले मृत्यूही हळूहळू वाढले आहेत. शिवाय ही वाढ पिढीबरोबर सरकते: १९५० च्या आसपास जन्मलेल्यांचा जो धोका त्या वयात होता त्याच्या मानाने १९९० च्या आसपास जन्मलेल्यांचा कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या मुख्य भागाच्या) कर्करोगाचा धोका दुप्पट आणि रेक्टमच्या (गुदाशयाच्या) कर्करोगाचा चौपट. यंत्रं सुधारल्यामुळे झालेली वाढ सगळ्या वयांत एकदम दिसली असती.

निशिगंध

यात एक जोड. अमेरिकेत २०२१ मध्ये तपासणी सुरू करण्याचं शिफारशीतलं वय ५० वरून ४५ वर आलं. त्यानंतर ४५ ते ४९ या गटात नवे रुग्ण एकदम वाढलेले दिसतात आणि ते मुख्यतः लवकरच्या स्टेजचे आहेत. ही उडी तपासणीची आहे, तिच्यावरून घाबरायचं कारण नाही. ४५ च्या आतल्यांचा चढ मात्र वेगळा, तो या तपासणीच्या आधीपासूनचा आहे. दोन्ही एकाच आलेखात घातलेले दिसले तर वयोगट वेगळे करून मागा. आणि पारवा, शौचातून रक्त जात असेल, अनेक आठवडे सवय बदलली असेल किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं असेल तर ४१ व्या वर्षीही मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. घरात आई-वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण मग तपासणी ४५ च्या आधी सुरू होते.